धूप, ऊद आणि धुरी: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

आमचं काष्टौषधींचं दुकान आहे. गुग्गुळ, ऊद, वावडिंग, वेखंड तोलून पुड्या बांधताना गिऱ्हाईक जे विचारतं, आणि घरी गेल्यावर फोन करून जे विचारतं, ते इथे एकत्र केलंय. श्रावण लागला की काही प्रश्न येतात, कुणाकडे बाळंतीण आली की दुसरे. मी वैद्य नाही, त्यामुळे औषधाचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका. धूर कसा घालावा, किती घालावा आणि कुठे अजिबात घालू नये, एवढं मात्र सांगू शकते.

१. धूप, ऊद, लोबान, गुग्गुळ, राळ हे सगळं एकच का?

नाही. निखाऱ्यावर सुगंधासाठी जे काही घालतात त्या सगळ्याला सरसकट धूप म्हणतात. गुग्गुळ हा कच्छ-राजस्थानकडच्या कोरड्या रानातल्या एका काटेरी झुडपाचा डिंक. राळ सालवृक्षाची. सातपुडा आणि मेळघाटात सालईची झाडं आहेत, तिचा डिंकही धूप म्हणून विकला जातो. ऊद मागितलात तर बहुतेक दुकानांत लोबानच मिळेल, आणि त्यातला बराचसा सुमात्राकडून येतो. गंमत अशी की ‘ऊद’ हा शब्द अरबीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ लाकूड, म्हणजे अगरूचं सुगंधी लाकूड. आपण शब्द उदबत्तीत जपून ठेवला आणि पुडीतला माल मात्र बदलला.

निखाऱ्यावर प्रत्येकाची वागणूक वेगळी असते. गुग्गुळ मऊ होतो, त्याला बुडबुडे येतात आणि सावकाश पांढरा धूर निघतो. राळेची पूड पडली की भडका उडतो. टीकेची राळ उडते म्हणतात ना, तशीच. म्हणून नवख्या माणसाला मी राळ देत नाही.

२. पहिल्यांदाच घरी धूप घालायचाय. नेमकं कसं करू?

दांड्याचं, पायांवर उभं राहणारं धुपाटणं घ्या. तळाशी दोन बोटं कोरडी वाळू किंवा राख पसरा, म्हणजे बूड तापत नाही. करवंटीचा किंवा लाकडी कोळशाचा एकच तुकडा चिमट्यात धरून गॅसवर पेटवा आणि थांबा. इथेच सगळे घाई करतात. कोळसा लाल झाला की लगेच धूप टाकला तर तो जळतो आणि करपट वास येतो. निखाऱ्यावर पांढुरकी साय धरू द्या, मग हरभऱ्याच्या दाण्याएवढा खडा ठेवा. तो पुरतो. कमी वाटलं तर पाच मिनिटांनी दुसरा.

त्याआधी पंखा बंद करा, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, पदर किंवा ओढणी खोचून घ्या. पडद्यांपासून हातभर लांब राहा. घरभर फिरवून झालं की धुपाटणं फरशीवर ठेवा. लाकडी पाटावर, फ्रीजवर, देव्हाऱ्यात नको. आमच्या देव्हाऱ्याच्या सनमायकावर एक काळं कडं उमटलेलं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी बिनपायाची पितळी धूपदाणी तिथे ठेवली होती. बावीस वर्षं झाली, अजून त्यावर ताम्हन ठेवून झाकतो.

३. खिडक्या बंद ठेवल्या की धूर मुरतो, असं सासूबाई म्हणतात. खरंय का?

वास मुरतो हे खरं. पण बंद खोलीत निखारा ठेवण्यासारखी दुसरी चूक नाही. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साईड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. धुपाच्या वासाने डोकं दुखतंय असं समजून माणूस तिथेच आडवा होतो आणि घात होतो.

दुसरी गोष्ट धुरातले बारीक कण. पीएम २.५ नावाच्या या कणांसाठी भारताचं चोवीस तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते १५ सुचवलं. लहानशा बंद खोलीत एक धुपाटणं हे दोन्ही आकडे सहज ओलांडतं. सासूबाईंचं घर आठवा: कौलारू, वर सांधी, पुढे-मागे दार. तिथे दारं लावली तरी धूर कौलांतून निघून जायचा. आपल्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये तो जाणार कुठून?

४. धुराने जंतू मरतात हे सिद्ध झालंय ना?

थोडं झालंय, सांगतात तेवढं नाही. कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेनंतर गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड, पांढरी मोहरी, मीठ आणि कडुनिंबाची पानं तुपात कालवून धूप द्यायला सांगितलंय. काश्यपसंहितेत धूपावर स्वतंत्र अध्यायच आहे. अलीकडचं म्हणाल तर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या मंडळींनी हवनसामग्रीच्या धुराचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बंद खोलीत तासाभराच्या धुरानंतर हवेतले जिवाणू ९४ टक्क्यांहून अधिक घटल्याचं त्यात आहे.

व्हॉट्सॲपवर फिरतो तो हाच आकडा. पण तो हवेतल्या जिवाणूंचा आहे. त्या खोलीत तासभर बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांचं काय होतं, हे त्यातून कळत नाही. घरात कुणाला ताप-खोकला असेल तर धूप घालून ‘आता हवा शुद्ध झाली’ असं समजू नका. मनाला बरं वाटतं म्हणून धूप घालायचा तर खुशाल घाला. त्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही.

५. बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची आहे. काय काय नेऊ?

हा प्रश्न आला की मामंजी तराजू खाली ठेवतात आणि आधी विचारतात, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ यादी सगळ्यांना पाठ असते: ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, ऊद, वेखंड, लसणाच्या साली. बाजेखाली शेगडी, वर बाळंतीण, आणि न्हाऊन आलेलं बाळ टोपलीखालच्या धुरावर. मीही अशीच शेकून निघालेय. पण आता विचारणाऱ्याला सरळ सांगते: बाळाला धूर देऊ नका.

मोठं माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतं. तान्हं बाळ चाळीस ते साठ वेळा. म्हणजे अंगाच्या मानाने तेच आपल्यापेक्षा किती तरी जास्त धूर ओढतं, आणि ‘पुरे’ म्हणायला त्याला वाचा नाही. त्यात बाळंतिणीची खोली बहुतेक वेळा वारा लागू नये म्हणून बंद केलेली. प्रश्न ३ मधला कार्बन मोनॉक्साईड इथे सगळ्यात धोक्याचा. शेगडीचा निखारा उडून गोधडीला लागण्याचे प्रकारही होतात.

मग आजींना काय सांगायचं? हे जास्त अवघड आहे, कारण त्यांच्या दृष्टीने धुरी म्हणजे माया. आमच्याकडे निघालेला मार्ग असा: ओवा तव्यावर कोरडा भाजायचा, सुती फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची आणि बाळंतिणीच्या कंबरेला शेक द्यायचा. बाळाची दुपटी शेजारच्या खोलीत किंवा गच्चीवर धुरावर धरायची, तासभर वाऱ्यावर टाकायची आणि मगच वापरायची. आजींच्या हाताला काम राहतं. बाळ धापा टाकायला लागलं, छाती आत ओढली जात असली किंवा ओठ निळसर दिसले, तर घरगुती काही न करता थेट दवाखाना गाठा.

६. घरात दमेकरी आहे. कमी धूर चालेल का?

नाही. दमा, जुनाट खोकला, हृदयाचा आजार किंवा गरोदर बाई घरात असेल तर निखारा घराबाहेर, आणि ती व्यक्ती आत असताना नाहीच. दाराला कडुनिंबाचा टाळा बांधा, तुपाचं निरांजन लावा, घंटा वाजवा, ओली फुलं ठेवा. तिन्हीसांजेचं काही अडत नाही. उदबत्तीही धूरच देते, तिला यातून सूट नाही.

७. पोपट आणि माशांची टाकी आहे, त्यांना त्रास होतो का?

पक्ष्यांची फुप्फुसं धुराला फार नाजूक असतात. पिंजरा दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावा, किंवा त्या घरात धूप घालूच नका. टाकीचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो, तोही तेवढा वेळ बंद ठेवा. मांजर आपलं आपण निघून जातं. त्याला फक्त बाहेर जायला वाट ठेवा.

८. गोवरी वापरू की कोळसा? लगेच पेटणारा कोळसा चालतो का?

गोवरीचा धूर कोळशाहून खूप जास्त. अंगण असेल तर गोवरी, फ्लॅट असेल तर कोळसा, इतकं साधं. ठिणग्या सोडत झरझर पेटणाऱ्या गोल वड्यांत सोरा मिसळलेला असतो. सुरुवातीचा तो वास घरात घेऊ नका, गॅलरीत पेटवा आणि तडतड पूर्ण थांबल्यावर आत आणा. पेटत्या निखाऱ्यावर रॉकेल, तेल किंवा सॅनिटायझर ओतू नये हे वेगळं सांगायला लागू नये. तरी सांगते.

९. कापूर घालून पेटवलं तर?

पेटवण्यापुरती एक वडी ठीक. पण डबी उंचावर ठेवा. कापूर खडीसाखरेसारखा दिसतो आणि लहान मुलाने खाल्ला तर फिट्स येतात, जिवावरही बेततं. बाळाच्या छातीला, नाकाला कापूर चोळणं हेही त्याच कारणाने टाळा.

१०. घरच्या घरी कोणता पाला वापरता येईल?

कडुनिंब, निरगुडी, तुळशीच्या वाळक्या काड्या, वाळलेली संत्र्याची साल. पाला सावलीत खडखडीत वाळलेला हवा. अर्धवट ओला पाला नुसता डोळ्यांतून पाणी काढतो. चार-पाच पानं पुरतात, मूठभर नको.

कण्हेर, रुई, धोत्रा कधीच जाळू नका. तिन्ही विषारी आहेत आणि धूर झाला म्हणून विष उतरत नाही. निर्माल्यही जाळू नये. हारात नायलॉनचा दोरा असतो, सोनेरी कागद असतो, फुलांवर फवारणी झालेली असते. ते खतात घाला, दोरा काढून. फुटपाथवर ‘जडीबुटी मिक्स’ म्हणून रंगीत भुकटी मिळते, तिच्यात काय आहे हे विकणारालाही माहीत नसतं. एक-एक जिन्नस ओळखून घ्या.

११. डासांसाठी रोज संध्याकाळी धुरी केली तर डेंग्यू टळेल का?

धूर असेपर्यंत डास थोडे लांब राहतात. धूर विरला की परत. शिवाय डेंग्यूचा डास दिवसा चावतो. कुंड्यांखालच्या बश्या आणि टाकीचं झाकण बघा, मच्छरदाणी लावा. रोजच्या धुराने होणारं नुकसान प्रश्न ३ मध्ये आहेच.

१२. दृष्ट काढताना मिरच्या जाळतो. ठसका लागला नाही तर दृष्ट होती, हे खरं का?

आमच्याकडेही हेच म्हणतात. मिरचीच्या धुरातला तिखट घटक घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. मिरची जुनी असली, भडकन पेटली किंवा धूर खिडकीतून निघून गेला, तर ठसका लागत नाही. श्रद्धेशी माझं भांडण नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळा आणि वाहत्या नळाखाली टाका. मिरचीच ओवाळायची असेल तर एक, आणि ती बाहेर. तान्ह्यासमोर नको.

१३. पाळीत धूप घालता येतो का? वार कोणता?

धूर बाईला तारीख विचारत नाही. घरातल्या मोठ्यांचं मन राखायचं की नाही, हे तुमचं घर जाणे. मी घालते. गुरुवार, अमावस्या, घटस्थापना असे संकेत घराघरांत वेगळे आहेत आणि चुकला म्हणून काही बिघडत नाही. मला विचाराल तर रोजच्या ढीगभर धुरापेक्षा आठवड्यातून एकदा, एक खडा.

१४. लोबान दर्ग्यात जाळतात. आम्ही घरी घातला तर चालेल का?

चालेल, आणि आपण तो पिढ्यान्‌पिढ्या घालतोच आहोत. पारशी घरांत संध्याकाळी लोबान फिरवतात. वसई आणि गोव्याच्या चर्चमध्ये साखळीला टांगलेलं धूपपात्र हलवतात, त्यातही असाच झाडाचा डिंक असतो. बाजारात दुकानोदुकानी लोबानचा धूर देत फिरणारा फकीर आला की आमच्या गल्ल्यावर त्याचे पैसे ठेवलेले असतात. मामंजींच्या कपाळाला गंध असतं आणि ते पुढे होऊन धूर घेतात.

वस्तू वाटून घेता येते, विधी मात्र ज्याचा त्याचा. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, तिथे ‘फक्त बघतो’ असं म्हणून अडून बसू नये. दर्ग्यात डोकं झाकावं. फकिराचा फोटो काढण्याआधी विचारावं. चर्चमधलं पात्र हे शोभेचं भांडं समजून हातात घेऊ नये. कुणी आपल्या धुपाटण्याशी असं वागलं तर आपल्याला कसं वाटेल, एवढं मनात धरलं की झालं.

१५. ऑनलाइन ‘व्हाइट सेज’ची जुडी मिळते, शिंपल्यासकट. मागवू का?

मी ठेवत नाही. हा पांढरा सेज म्हणजे धुरासाठी जाळतात ते एक झुडूप. ते दक्षिण कॅलिफोर्नियात आणि त्याला लागून मेक्सिकोत असलेल्या बाहा कॅलिफोर्नियात उगवतो, बाकी जगात रानात नाही. चुमाश, काविया, कुमेयाय अशा तिथल्या मूळ लोकांसाठी ती पूजेची आणि औषधाची वनस्पती आहे. १८८३ मध्ये अमेरिकन सरकारने नियम काढून त्यांचे नाच, त्यांच्या वैदूंचे विधी गुन्हा ठरवले. धर्माचरणाचं स्वातंत्र्य त्यांना कायद्याने मिळालं १९७८ मध्ये. म्हणजे ज्या धुरासाठी त्यांच्या आजोबांना शिक्षा होत होती, तोच आज शोभेच्या खोक्यातून विकला जातो. मागणी वाढल्यामुळे रानातून चोरून, गोण्या भरभरून कापणीही चालते.

त्यांच्यातही एकमत नाही. काही म्हणतात, आमच्या लोकांनी लावलेला, आमच्याकडूनच घ्या. काही म्हणतात, नकोच. अशा वेळी लांब राहिलेलं बरं. परसात कडुनिंब असताना समुद्रापलीकडचं झुडूप कशाला? आणि आपण जे करतो त्याला ‘स्मजिंग’, म्हणजे सेजच्या धुरासाठी वापरतात तो इंग्रजी शब्द, म्हणू नका. आपल्याकडे धुरी हा चांगला शब्द आहे.

१६. गुग्गुळ अस्सल कसा ओळखायचा? आणि तो इतका महाग का झालाय?

चिमूटभर गुग्गुळ कोमट पाण्यात चुरगळा. अस्सल असेल तर पाणी दुधासारखं पांढुरकं होतं. बोटांत दाबला की चिकटतो, चव कडू. निखाऱ्यावर कसा वागतो ते प्रश्न १ मध्ये लिहिलंय. कडक, काचेसारखा आणि एकसारख्या रंगाचा ‘गुग्गुळ’ स्वस्त मिळाला तर त्यात राळ आहे असं समजा. सालईचा डिंक गुग्गुळ म्हणून देतात, तो वाईट नाही. फक्त सांगून द्यावा. तयार धूपकांडीत बहुतेक भाग कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, चिकटवायला जिगट नावाची पूड आणि वरून शिंपडलेलं अत्तर असतं.

महागाईचं कारण झाडात आहे. गुग्गुळाचं झुडूप सावकाश वाढतं. डिंक लवकर आणि जास्त मिळावा म्हणून खोल चिरा देतात, त्यात रसायन भरतात. डिंक भरपूर येतो आणि झाड मरतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत गुग्गुळ अतिसंकटग्रस्त आहे, म्हणजे रानातून नामशेष होण्याच्या आधीची शेवटची पायरी. अगरूचंही तेच. म्हणून पावशेर मागणाऱ्याला मी तोळा देते. घरातले वैतागतात, धंदा आहे म्हणतात.

१७. मुलगी परदेशात असते. तिथे घरात धूप घालता येईल का?

आधी घराचा करार वाचायला सांगा. बऱ्याच भाड्याच्या घरांत आणि वसतिगृहांत उघडी ज्योत आणि उदबत्तीलाही मनाई असते. धुराचा अलार्म कापडाने झाकणं, त्याची बॅटरी काढणं हे प्रकार करू नयेत. परत लावायचं राहून जातं, आणि रात्री खरी आग लागली तर कोण उठवणार? विजेवर तापणारी छोटी धूपदाणी मिळते, तिच्यात निखारा नसतो आणि खडा तिळाएवढा घातला तर धूर नावाला निघतो. सामानातून नेताना ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला वनस्पतीजन्य वस्तू जाहीर कराव्याच लागतात, न सांगितल्यास दंड होतो.

इथल्या नव्या ऑफिसच्या पूजेलाही हेच. आधी इमारतीच्या माणसाला सांगून ठेवा. एका गिऱ्हाइकाच्या वास्तुशांतीत अलार्म वाजून सहा मजले खाली उतरले होते. गुरुजी पूर्णाहुतीची पळी हातात धरूनच जिना उतरले.

१८. उरलेल्या निखाऱ्याचं आणि राखेचं काय करू? आणि चटका बसला तर?

वरून विझलेला निखारा आत कित्येक तास धगधगत असतो. झोपण्याआधी त्यावर पाणी ओता, चर्रर्र आवाज पूर्ण थांबेपर्यंत. मगच पत्र्याच्या डब्यात टाका. प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर ठेवू नका. साध्या कोळशाची चिमूटभर राख तुळशीला चालते, सोऱ्याच्या वड्यांची नको.

चटका बसला तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. घड्याळ लावून वीस, कारण दोन मिनिटांतच बरं वाटायला लागतं आणि माणूस हात काढून घेतो. अंगठी, बांगड्या लगेच उतरवा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. फोड तळहाताहून मोठा असेल, किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर असेल, तर दवाखान्यात जा.